दहा किलोची ओढ

उंची सहा फूट, रुंदी अडीच फूट आणि खोली जेमतेम दहा इंच. मुलीच्या वाकडच्या नव्या फ्लॅटमधलं पुस्तकांचं कपाट या मापाचं आहे. सहाही खण भरले की ते दीडशे किलोच्या घरात जातं. एवढं जड धूड कशाला हलतंय, असं जावयाचं म्हणणं होतं. "बाबा, उगाच नव्या भिंतीला भोकं नकोत," तो म्हणाला. नात तीन वर्षांची. तिला खण म्हणजे शिडीच्या पायऱ्या वाटतात.

आमच्या घरचं लाकूडकाम वर्षानुवर्षं करणाऱ्या सुतारकाकांना मी सोबत नेलं होतं. संगमेश्वरकडचा माणूस, वाद घालत नाही. त्यांनी दोन्ही हातांची बोटं कपाटाच्या माथ्यावर मागून अडकवली आणि हलकेच पुढे ओढलं. मागची कड जमिनीपासून सुटली. "बघा साहेब," एवढंच बोलले आणि कपाट परत सरळ केलं.

हिशेब शाळेतल्या तरफेचाच आहे. कपाट पुढच्या कडेवर उलटतं. त्याचं वजन त्या कडेपासून पाच इंच मागे, आणि माथ्यावरची ओढ मात्र बहात्तर इंचांवर. म्हणजे दीडशे किलोंचं कपाट उचलायला दहा किलोंच्या आसपास ओढ पुरते. वरची फळी धरून मागे झुकलेलं तीन वर्षांचं मूल तेवढी सहज लावतं. पण याच आकड्याची दुसरी बाजू दिलासा देणारी आहे: कपाट भिंतीला बांधणाऱ्या पट्टीला दीडशे किलो पेलायचे नसतात, त्या दहा-पंधरा किलोंनाच सुरुवातीला अडवायचं असतं.

अमेरिकेत हे धडे फार महाग पडले. लहान मुलांच्या अंगावर ड्रॉवरची कपाटं पडून मृत्यू झाल्यावर आयकियाने जून २०१६ मध्ये तिथे सुमारे २ कोटी ९० लाख कपाटं परत मागवली. नको असेल त्याला पैसे, हवं असेल त्याला भिंतीला बांधायचं साहित्य फुकट. डिसेंबर २०२२ मध्ये कायदाही झाला, पण तो कपडे ठेवायच्या कपाटांपुरता. पुस्तकांची कपाटं त्याच्या बाहेरच राहिली. जपानात १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे कोबेला भूकंप झाला तेव्हा लोक झोपेत होते आणि घरातलं सामान त्यांच्यावर कोसळलं. तिथे कपाट भिंतीला एल पट्टीने बांधतात, नाहीतर माथा आणि छत यांच्यामध्ये घट्ट खांब बसवतात. आपल्याकडे पीओपीच्या खोट्या छताला असा खांब लावून उपयोग नाही, हे वेगळं सांगायला नको.

वाकडला खरी अडचण निघाली ती स्कर्टिंगची. तळाशी टाइलची पट्टी अर्धा इंच पुढे, त्यामुळे कपाट भिंतीला टेकतच नव्हतं. त्यात फरशीला बाल्कनीकडे उतार. काकांनी पाणसळ लावली. बुडबुडा मागे सरकला, म्हणजे कपाट पुढे कललेलं. पुढच्या दोन पायांखाली प्लायच्या पातळ पाचरी गेल्या, माथ्यामागे स्कर्टिंगच्या जाडीची लाकडी पट्टी आली.

मग ड्रिल. बिटाच्या टोकाशी काय भुगा येतो, यावर काकांचं सगळं लक्ष. कोथरूडच्या आमच्या जुन्या घरात तो लाल येतो, विटेचा; तिथे साधी गट्टी घट्ट बसते. इथे पांढुरका, पिठासारखा मऊ भुगा पडला. "सिपोरेक्स," काका म्हणाले, हॅमर बंद केला आणि पिशवीतून लांब, जाड नायलॉनची गट्टी काढली. या हलक्या ब्लॉकमध्ये साधी गट्टी दोन महिन्यांत खुळखुळते, असा त्यांचा अनुभव. स्विचबोर्डाच्या सरळ रेषेत वर किंवा खाली भोक घ्यायचं नाही, हा दुसरा नियम. तिथून वायरी जातात.

स्क्रू कपाटाच्या बाजूने कुठे घालायचा, यावर मात्र ते ठाम होते. मागच्या पातळ प्लायमध्ये अजिबात नाही, माथ्याच्या जाड फळीतच. पार्टिकल बोर्डाचं कपाट असेल तर स्क्रूवर विसंबू नये. आरपार नटबोल्ट आणि वायसर. मागचा प्लाय निरुपयोगी मात्र नव्हे. तो चारी बाजूंनी ठोकलेला असला तरच कपाट डावी-उजवीकडे डुलत नाही. तो खिळखिळा झाला होता, तेव्हा काकांनी आधी तोच नीट ठोकून घेतला.

पुस्तकं लावायचं काम माझ्याकडे आलं. भारतीय संस्कृतिकोशाचे खंड आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे सगळ्यात खाली, कवितासंग्रह वर. मुलीला हे दिसायला विचित्र वाटलं. दिवाळी अंक दर्शनी हवे होते तिला. पण गुळगुळीत कागदाचं वजन वरच्या खणात ठेवलं तर कपाट कमी कलूनही उलटतं. खेळणी आणि खाऊचा डबा माथ्यावरून हलवला, तोही याचसाठी: चढायला कारणच नको.

भाड्याच्या घरात राहणारे मालकाच्या भीतीने हे टाळतात. तसं करू नका. घर सोडताना दोन भोकं बुजवायला मूठभर पुट्टी पुरते. मालकाशी आधीच बोला आणि पट्टी लावून घ्या.