हरणी

हरणी अस्सल खिलार. पांढरी कांती, अरुंद लांबट तोंड, आणि मागे झुकून पुन्हा आभाळाकडे गेलेली शिंगे. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेतून आजोबांनी तिला कालवड असताना आणले. माणदेशात खिलार गाय दुधासाठी कमी आणि खोंडांसाठी जास्त पाळतात. हरणीचे दूध वासरू पिऊन उरले तर शेरभर. पण तिच्या खोंडांवर आमची कोरडवाहू शेती उभी होती. स्वभावाने तापट. परका माणूस गोठ्यात आला की शिंगे रोखायची. आजी आली की मात्र मान लांब करून गळ्याखाली खाजवून घ्यायची.

१९७२ साली पावसाने पाठ फिरवली. विहिरीचा तळ उघडा पडला. आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. पोरांना सुकडी मिळे. घरात तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी. थापताना ती तुटायची, तरी पहिला चतकोर हरणीचा. आजीने गोग्रास कधी चुकवला नाही. देवांची आंघोळ पळीभर पाण्यावर आली होती. ताम्हनातले तेवढे पाणीही ती हरणीच्या पाटीत ओतायची. म्हणायची, "एकनाथांनी काशीची गंगा गाढवाला पाजली. माझं तर पळीभर पाणी." कडबा संपला तेव्हा छपरावरचे गवत उतरवून हरणीपुढे टाकले.

त्या फाल्गुनात आजोबा गेले. आजी भिंतीला टेकून बसली ती बसलीच. जेवणावर मन नाही, हरिपाठ नाही. आजोबांचे टाळ खुंटीला तसेच. आमचे कोणाचेच शब्द तिच्यापर्यंत पोचेनात. मग एका पहाटे हरणी हंबरू लागली. थांबेचना. आजी उठली, कळशी काखेला मारली आणि माणगंगेच्या वाळूत खणलेल्या झऱ्यावर वाटीवाटीने पाणी भरायला गेली. त्या दिवशी तिने घास खाल्ला. सांजेला हरिपाठही म्हटला.

पुढे वडिलांनी हरणीला बाजार दाखवायचे ठरवले. गावातल्या कितीतरी दावणी तोवर ओस पडल्या होत्या. चारा नव्हता, देणे होते. वडिलांनी दावे सोडले तेव्हा आजी आडवी आली नाही. एवढेच म्हणाली, "इक की. पण उद्या पहाटं मी कुणासाठी उठायचं, तेवढं सांगून जा." वडिलांनी दावे पुन्हा खुंट्याला बांधले.

आजी पांडुरंगाकडे रोज पाऊस मागायची. पण पाऊस येईपर्यंत देव कुठे गेला, असे तिने कधी विचारले नाही. तिच्या लेखी तो गोठ्यात तहानलेला उभा होता आणि तिला हाक मारत होता.

१९७३ साली पाऊस झाला. बरगड्या मोजता येतील अशी हरणी बांधावरच्या कोवळ्या गवताला लागली. पुढे तिला आणखी खोंड झाले. म्हातारी होऊन ती गोठ्यातच गेली. आजीने तिला कुंकू लावले, अंगावर खण घातला, आणि आमच्याच शेतात तिला माती दिली.

माझ्या घरावरही नंतर वाईट दिवस आले. हात जोडूनही मन थाऱ्यावर येत नसे. तेव्हा आजीचीच रीत मी धरली. देव कुठे आहे हे कळेनासे झाले, तर आपल्यावाचून ज्याला पाणी मिळणार नाही, त्याच्याकडे आधी जावे.