गोव्यात जाऊन भरू!

२०१२ च्या एप्रिलात पर्रीकर सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला आणि गोव्यात पेट्रोल लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी उतरलं. तेव्हापासून आमच्या बेळगावच्या सोयऱ्यांना एक सवय जडली. गोव्याकडे निघायचं तर टाकी जेमतेम ठेवायची. "गोव्यात जाऊन भरू की!" पुढे व्हॅट पुन्हा वाढला, ती मजा राहिली नाही. सवय मात्र राहिली.

या सवयीची किंमत काय असते ते एकदा चोर्ला घाटात कळलं. आई पणजीत अंथरुणाला खिळली होती आणि "धाकटीला एकदा बघू दे" एवढंच म्हणत होती. मावशीला आणायला मी बसने बेळगावला गेलो. येताना मावसभावाची गाडी होती. दादाला रात्रीचं नीट दिसत नाही, म्हणून चालवायला मी. पेट्रोल कमी होतं. गावातून निघाल्यावर भरायला थांबलो, तर पंपावर 'पेट्रोल नाही' अशी पाटी! पाऊस धो धो. मागे फिरावं तर तास जाणार, आणि घरून फोन आलेला, "लवकर या." कणकुंबी मागे पडली आणि काट्याजवळचा पिवळा दिवा लागला.

"पोचतो काय रे आपण?" मावशीने मागून विचारलं.

"पोचतो, मावशी."

दिवा लागला म्हणजे पेट्रोल संपलं असं नसतं. बहुतेक गाड्यांत त्यानंतरही काही लिटर शिल्लक असतं. पण उतारावर आणि वळणावर टाकीतलं पेट्रोल एका बाजूला सरकतं, त्यामुळे काट्यावर फार विसंबता येत नाही. म्हणून मी वेग चाळीस-पन्नासच्या आत ठेवला, ॲक्सिलरेटरवर पाय अलगद, आणि पुढच्या ट्रकपासून चांगलं अंतर. कारण ब्रेक मारून घालवलेला वेग परत मिळवायला पेट्रोलच जाळावं लागतं. एसी बंद केला. पण पाच मिनिटांत काच आतून धुरकटली, बाहेर धुकं! एसी परत लावला, काच स्वच्छ झाली की बंद. घाटात पेट्रोलपेक्षा नजर महत्त्वाची.

उतार सुरू झाला तसा दादा म्हणाला, "अरे, न्यूट्रलात घाल की गाडी! पेट्रोल वाचतंय."

हा सल्ला तुम्हीही ऐकला असेल. कार्बोरेटरच्या जमान्यात त्यात थोडं तथ्य होतं. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांचं गणित उलटं आहे. गाडी गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की चाकंच इंजिन फिरवतात आणि पेट्रोल जवळजवळ तुटतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं पेट्रोल जळतच राहतं. शिवाय गियरचा रोध गेला की सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापतात. इंजिन बंद करून उतरणं तर सरळ आत्मघात. स्टीअरिंग जड होतं आणि दोन-चार वेळा दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा होतो.

दादाला हे पटलं नाही, पण तो गप्प बसला. मी दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये, पाय वर घेऊन, गाडी उतरवत राहिलो. अंजुणे धरण मागे गेलं, केरी आली. साखळीच्या पंपाचे दिवे दिसले तेव्हा मावशीने हात जोडले. रात्री साडेदहाला दोघी बहिणी भेटल्या. आई पुढे चार दिवस होती.

आता सोयरे निघायचे म्हटले की मी फोनवर आधी विचारतो, "टाकीत किती?" ते हसतात. हसू देत. स्वस्ताईचा हिशेब आपण लिटरमागे करतो, पण वाटेत अडकलेल्या माणसाची घरी कोणीतरी वाट पाहत असतं, ते त्या हिशेबात कुठेच येत नाही. गाडी जपून चालवली तर थोडक्या पेट्रोलात बरंच अंतर कापता येतं, हे खरं. पण ती विद्या अडीनडीची. घाट चढण्याआधी दोन-तीनशे रुपयांचं जास्त घालावं, हे त्याहून बरं. दोन रुपये महाग पडलं तरी!