आजीने उचललेले पुस्तक

धाग्याच्या या भागात थोडे घरचे सांगते. राजे नसलेले इतिहासाचे पुस्तक धाकट्या मामेबहिणीने मागितले, तेव्हा मी तिला मुक्ता साळवे यांचा निबंध दिला. फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेतल्या या मांग समाजातील विद्यार्थिनीचे लेखन १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापले गेले. घरावर छप्परही नसताना बाळंत होणाऱ्या स्त्रियांचे दुःख तिने त्यात मांडले आहे. शाळकरी वयात वाचावे, असेच ते आहे.

मोठ्यांना मी ‘बलुतं’ (१९७८) आणि ‘उपरा’ (१९८०) सुचवते. आजीसाठी मात्र लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ काढली होती. सोवळ्याची थट्टा तिला पचली असती. (हा माझा भित्रेपणाच.) तिने शेजारचे बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) उचलले. चार दिवस ती गप्प होती. मग म्हणाली, “आपल्याही विहिरीवर बायका दूर उभ्या राहायच्या गं. मीच वरून पाणी ओतायचे.”

माझा प्रबंध महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहानंतरच्या पाणवठ्यांवर आहे. घरच्या विहिरीविषयी मी कधी विचारलेच नव्हते. तिचे बोलणे तारखेसह टिपून ठेवले. आता तिने पुढचे पुस्तक मागितले आहे; ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ उशाशी ठेवले आहे.