'केलं हो तिनं'

आमच्याकडे एखाद्या बाईचं कौतुक करायचं तर म्हणतात, "सासूचं शेवटपर्यंत केलं हो तिनं." काय केलं, ते कुणी सांगत नाही. कुशीवर वळवलं, भरवलं, अंग पुसलं, बेडपॅन धुतलं, रात्री तीनदा उठली, हे सगळं त्या एका 'केलं'मध्ये येतं. आणि करणारी बहुतेक वेळा बाईच असते.

माझी आजी दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळून आहे. एअर बेड, डायपरच्या ऑर्डरी, डॉक्टरांच्या वेळा हा भाग बाबांचा आणि माझा. उरलेलं सगळं आईचं. ही वाटणी कुणी बसून ठरवली नव्हती.

गेल्या वर्षी एका सहकाऱ्याच्या लग्नासाठी अमृतसरला गेलो होतो. दरबार साहिबबाहेर, घंटाघराच्या बाजूला, पिंगलवाड्याची एक पुस्तिका फुकट हातात पडली. पंजाबीत पिंगला म्हणजे आपला पांगळा. या संस्थेचे संस्थापक भगत पूरन सिंग (1904–1992) स्वतः तिथेच बसून अशी पत्रकं वाटत, देणग्या घेत.

त्यांची गोष्ट पंजाबात सगळ्यांना ठाऊक आहे. 1934 साली लाहोरच्या गुरुद्वारा डेरा साहिबमध्ये कुणीतरी चारेक वर्षांचा एक अपंग मुलगा सोडून गेलं. त्याला बोलता येत नव्हतं, चालता येत नव्हतं. तिथे सेवा करणाऱ्या तिशीतल्या पूरन सिंगांनी त्याला उचललं आणि त्याचं नाव प्यारा ठेवलं. पुढची चौदा वर्षं ते त्याला पाठीवर घेऊन फिरले. 1947 साली फाळणीत सीमा ओलांडली तीही प्याराला पाठीवर घेऊनच. अमृतसरच्या खालसा कॉलेजातल्या निर्वासितांच्या छावणीत, ज्यांचं कुणीच उरलं नव्हतं असे आजारी आणि अपंग लोक त्यांनी सांभाळले. घरोघरी जाऊन रोट्या मागून आणल्या, घाण झालेले कपडे धुतले. त्यातून पिंगलवाडा उभा राहिला. 1957 साली संस्थेची नोंदणी झाली. आज तिथे दीड हजारांहून अधिक माणसं राहतात.

हे वाचताना मी अडकलो ते कपडे धुण्यापाशी. हे सगळं करणारा एक अविवाहित पुरुष होता. आणि तो हे आईकडून शिकला होता. मेहताब कौर लोकांच्या घरी काम करून मुलाला शिकवत होत्या. रस्त्यातला दगड किंवा काटा दिसला तर उचलून बाजूला ठेव, झाडांना पाणी घाल, ही त्यांची शिकवण. म्हणजे मुलग्यालाही हे काम लहानपणापासून शिकवता येतं.

शीख परंपरेत याची मुळं जुनी आहेत. जखमी सैनिकांना पाणी पाजताना शत्रू-मित्र न पाहणारे भाई कन्हैया बऱ्याच जणांना माहीत असतात. मला मात्र गुरू अमरदास जास्त महत्त्वाचे वाटतात. त्यांचा पुतण्या गुरू अंगद यांचा जावई. म्हणजे ते मुलाकडचे, शिवाय वयानं गुरू अंगदांपेक्षा पंचवीस वर्षांनी मोठे. आपल्याकडच्या लग्नात अशा माणसाचे पाय धुतले जातात. परंपरा सांगते की साठी ओलांडलेला हा माणूस रोज पहाटे बियास नदीवरून गुरूंच्या स्नानासाठी पाणी वाहून आणायचा. 1552 साली, त्र्याहत्तराव्या वर्षी, तो स्वतः गुरू झाला. वय, नातं, मान यांवरून कुणी कुणाचं करायचं हे जे ठरतं, ते इथे मोडलेलं दिसतं. आजही गुरुद्वारात चांगल्या हुद्द्यावरचे पुरुष लोकांचे जोडे सांभाळतात, लंगरची भांडी घासतात, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

पण पंजाबी घरांत सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. त्याच सहकाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "आजोबांचं मम्मीच करते." दर रविवारी भांडी घासणारे त्याचे वडील घरी आजोबांची चादर बदलत नाहीत. गुरुद्वारातलं काम चार लोकांना दिसतं, त्याला सेवा हे नाव आहे. घरातल्या कामाला नाव नाही आणि सुट्टीही नाही.

ऑफिसात आमच्या टीमची ऑन-कॉल पाळी दर आठवड्याला बदलते. रात्री दोनला सर्व्हर पडला तर कोण उठणार, हे लिहिलेलं असतं. अमृतसरहून आल्यावर तसाच एक कागद फ्रिजवर लावला. सोमवार ते गुरुवार रात्री माझ्या, शुक्रवार-शनिवार बाबांच्या, रविवार आईचा. आई पहिले काही दिवस तरी उठायचीच. बाबांना डायपर बदलायला शिकायला दोन आठवडे लागले. आजीला सुरुवातीला संकोच वाटायचा, मग तीच "आज कुणाची रात्र?" विचारू लागली.

आजीला बघायला येणारे मला म्हणतात, "मुलगा असून करतोस, कमाल आहे." आईला आजवर कुणी 'सून असून' म्हटलेलं नाही. या 'असून'चं काय करायचं, ते अजून कळलेलं नाही. तोवर रात्रीच्या पाळ्या चालू आहेत.