यादीत नसलेली पोरं

मी मिशनरी झालोय. झगा नाही, दाढी नाही, जीप नाही. दूधपावडरचा डबा तर नाहीच नाही. पुण्यात चौघांच्या खोलीत राहतो, सायकल आहे ती पण मागून आणलेली. काम कॉलेजातल्या कॅथलिक पोरापोरींत. पगार नाही. लोक देतील त्यावर भागवायचं.

दोस्तांनो, तुमच्यातले काही हसतील. माझा एक मावसभाऊ बौद्ध आहे, चळवळीत आहे. तो हसला नाही, भडकला. म्हणाला, "आता कुनाला बाटवनार? आमच्या पोरांना?"

म्हटलं, "कुणालाच नाय. जी कवाच बाटलीत त्यांच्याकडंच चाललोय."

बाटणं हा शब्द सवर्णांचा. पण तोही आमच्या तोंडात बसलाय, काय करता.

आमचं गाव श्रीरामपूर तालुक्यातलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला नगर जिल्ह्यात जेझुइट फादर आले आणि महारवाडेच्या महारवाडे ख्रिस्ती झाले. कुणी शाळेसाठी, कुणी दुष्काळात पोट जाळायला, कुणी पाटलापुढं आपल्या बाजूनं उभं राहणारा कुणीतरी मिळाला म्हणून. माझी आजी एवढंच सांगायची, "फादर आपल्या घरात बसून भाकर खायचा." तिच्या लेखी सगळं धर्मशास्त्र त्यात आलं. हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते तिथं ती अनवाणी जायची.

आता कागदाची गोष्ट ऐका, कारण माझं मिशन कागदातूनच निघालंय. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जात हिंदूंपुरती ठेवली. १९५६ साली शीख घेतले, १९९० साली बौद्ध घेतले. आम्ही बाहेर. राज्यानं आम्हाला ओबीसीत ढकललं. गावकुसाबाहेरचं घर तेच, मसणवाटा वेगळा तो वेगळाच, फक्त कागदावर जात गेली. म्हणून आमच्याकडं कैक घरांत भिंतीवर येशू आणि शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार'. माझा बाप चर्चचा मास्तर, त्याला लपवायची सोयच नव्हती. त्यानं माझ्या नावापुढं ख्रिश्चन लिहिलं. माझ्याबरोबर एकाच दिवशी बाप्तिस्मा झालेली दोन पोरं कागदावर हिंदू राहिली. तिघंही पुण्याला एकाच हॉस्टेलात आलो.

पहिल्या नाताळला रात्री हॉस्टेलच्या दारात गाडी आली. कॉलेजातल्या कॅथलिक विद्यार्थ्यांना मिस्साला न्यायला. एका माणसाच्या हातात ॲडमिशनच्या रजिस्टरवरून काढलेली यादी. डिसोझा, फर्नांडिस, परेरा, आणि खाली मी एकटा. बाकीचे माझ्या आडनावाकडं बघून विचारात पडले, ते सोडा. मी गाडीत बसलो. ती दोघं वरच्या मजल्यावर दिवा मालवून पडली होती. यादीत नव्हती ना.

तिथून माझ्या डोक्यात हे काम शिरलं.

कॉलेजातलं मिशन ही काही नवी गोष्ट नाही. आपल्या देशात ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन १९२४ पासून आहे. अमेरिकेत १९९८ साली कॅन्ससच्या बेनेडिक्टाईन कॉलेजात फोकस नावाची संघटना निघाली. तिथं नुकती डिग्री घेतलेली पोरं निदान दोन वर्षं कॉलेजाच्या आवारात राहतात, विद्यार्थ्यांबरोबर जेवतात, खेळतात, बायबल वाचतात, आणि स्वतःचा पगार स्वतःच ओळखीपाळखीच्या लोकांकडून गोळा करतात. मी ज्यांच्यात शिरलो त्यांचीही रीत तीच. आधी माणसांची यादी करायची, मग एकेकाला भेटून महिन्याला काही द्या म्हणायचं. माझ्या बरोबरच्या पोरांच्या यादीत काका दुबईला, मामा बँकेत. माझ्या यादीत चुलता ऊसतोडीला, मावशी अंगणवाडीत मदतनीस. तरी फिरलो. एका म्हातारीनं पायलीभर बाजरी दिली आणि पावती मागितली. पावतीवर रुपयाचाच रकाना होता. खाली पेनानं लिहिलं : बाजरी, एक पायली.

आता खरं काम. आमची पोरं शोधायची कशी? यादीत ती सापडत नाहीत. सापडतात मराठी मिस्साला, सगळ्यात मागच्या बाकावर, शेवटच्या गाण्याआधी उठून जाणारी. सापडतात एसटी स्टँडवर, यात्रेच्या गाडीची वाट बघताना. मोबाईलच्या कव्हरच्या आत मतमाउलीचं बारकं चित्र असतं. मी जवळ जाऊन नुसतं विचारतो, "कुठल्या गावचा?" गाव सांगितलं की बाकीचं कळतं. मग हॉस्टेलच्या खोलीत रात्री बसतो. पाचसहा जण. शुभवर्तमानाचा एक तुकडा वाचतो आणि त्यावर बोलतो. बोलणं बहुतेक वेळा मेसचे पैसे, एमपीएससी आणि रूममेटवर जातं. जाऊ दे.

भांडण झालं ते फोटोवरून. आमच्या मुख्य माणसाचं म्हणणं, प्रत्येक बैठकीचा फोटो काढ, पोरांना स्टेजवर साक्ष द्यायला लाव, देणगीदारांना दाखवायचं असतं. मी म्हटलं, नाही काढणार. तो म्हणाला, "विश्वास लपवणं म्हणजे पेत्रानं कोंबडा आरवायच्या आधी येशूला नाकारलं तसंच."

मी म्हटलं, पेत्राला जात पडताळणी समितीपुढं उभं राहायचं नव्हतं.

हे मी उगाच बोललो नाही. पडताळणीत दक्षता पथक गावात येऊन चौकशी करतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं दक्षिणेतल्या एका खटल्यात निकाल दिला : ख्रिस्ती धर्म पाळायचा आणि नोकरीच्या आरक्षणासाठी हिंदू म्हणवायचं, ही संविधानाची फसवणूक. अर्जदार नियमानं चर्चला जाते, हे त्यात पुराव्यात धरलं. म्हणजे मिस्साला जाणं हाच पुरावा. मी काढलेला एक फोटो पोराची शिष्यवृत्ती खाईल, उद्या नोकरी खाईल. असला मिशनरी कशाला पाहिजे? बायबलात निकदेम आहे. तो रात्रीचा आला. येशू त्याच्याशी बसून बोलला, दिवसा ये म्हणाला नाही. माझं कॉलेज रात्रीचं.

फोटो नाहीत म्हणून दोन देणगीदार गळाले. महिन्याचं गणित तेव्हापासून बाजरीवर आलंय.

मावसभाऊ म्हणतो, "सोड ना मंग त्यो धर्म. छप्पनचा रस्ता उघडाय. बाबासायबांनी तुमच्या मिशनऱ्यांबद्दल काय लिवलंय ते वाच." वाचलंय. बाबासाहेबांनी स्पष्ट लिहिलंय, मिशनऱ्यांनी शाळा-कॉलेजं आणि दवाखान्यांवर पैसा ओतला त्याचा फायदा वरच्या जातींनी घेतला, अस्पृश्यातला ख्रिस्ती होता तिथंच राहिला. मला हे खोडता येत नाही. मिशनच्या कॉलेजाच्या दारातच मी ते रोज बघतो. भारताच्या बिशपांनीही २०१६ च्या दलित सक्षमीकरणाच्या धोरणात चर्चमधली जात कबूल केली. मावसभावाला मी एवढंच म्हणालो, आजीनं सवलतीसाठी धर्म घेतला नाही, मी सवलतीसाठी कसा टाकू? आणि तुम्ही १९९० मिळवलंत तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. आता आमच्यासाठी एक मोर्चा काढा की. २०२२ साली केंद्रानं आमच्या प्रश्नावर आयोग नेमला आणि पुढं त्याला मुदतवाढ दिली. तो यावर काही बोलला नाही, पण पुढच्या शनिवारी आमच्या खोलीवर आला, कोपऱ्यात बसून ऐकलं, आणि जाताना चहाचे पैसे देऊन गेला.

यंदा जूनमध्ये एक नवा पोरगा फॉर्म घेऊन आला. गाव आमच्या शेजारचंच. धर्माच्या रकान्यापाशी त्याचं पेन थांबलं. माझ्याकडं बघायला लागला. मी उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. त्यानं काय लिहिलं ते मी बघितलं नाही. रविवारी सकाळी मिस्साला तो मागच्या बाकावर होता, आणि शेवटचं गाणं होईपर्यंत उठला नाही.