आडनावाची जागा

दारावरची निळी पाटी करून घ्यायला आलेला माणूस बहुतेक वेळा आधी विचारतो, ‘एका अक्षराचे किती?’ संगमरवरावर कोरून देणारे अक्षरावर पैसे घेतात, म्हणून हा प्रश्न. आमच्याकडे भाव मापावर असतो. बारा इंच बाय सहा इंचाच्या पाटीवर नाव दोन अक्षरी असो की दहा अक्षरी, पैसे तेवढेच. आमचा खरा खर्च लिहिण्यात नसतो, भट्टीत असतो.

जयपूरची ब्लू पॉटरी म्हणजे मातीकाम, असं बाहेरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात तिच्यात कुंभाराची माती नसतेच. क्वार्ट्झची पूड, काचेची पूड, थोडी मुलतानी माती, कतिरा डिंक आणि साजी पाण्यात मळून कणकेसारखा गोळा करतात आणि तो दाबून सपाट करतात. भिंतीवर लावायची भोकं तेव्हाच पाडून घ्यायची. पाटी वाळली की घासायची, तिला पांढरं अस्तर द्यायचं, त्यावर कोबाल्टने नक्षी आणि अक्षरं काढायची, वर काचेचा लेप द्यायचा आणि मग एकदाच भट्टी. साधारण ८०० ते ८५० अंश. भट्टी काही तासांत तापते, पण निवायला दोन-तीन दिवस लागतात. घाईने उघडली तर माल तडकतो. लिहिताना रंग काळपट दिसतो, भट्टीतून निघतो तेव्हा निळा असतो. एकदा निळं झालेलं अक्षर मग खोडता येत नाही.

ही कला जयपुरात सवाई रामसिंह (दुसरे) यांच्या काळात, एकोणिसाव्या शतकात रुजली आणि विसाव्या शतकाच्या मध्याला जवळजवळ संपली होती. चित्रकार कृपालसिंह शेखावत यांनी तिला पुन्हा उभं केलं. १९७४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज कपाटाच्या मुठींपासून फुलदाण्यांपर्यंत सगळं या निळ्या रंगात मिळतं. पाट्या हा त्यातला अगदी छोटा धंदा. मोठे कारखानदार त्यात पडत नाहीत, कारण प्रत्येक पाटी वेगळी असते आणि चुकली तर दुसऱ्याला विकता येत नाही.

मी मूळची साताऱ्याची. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे आम्ही २००४ मध्ये इथे आलो. पाट्यांचं काम मी २०१० मध्ये सुरू केलं, सांगानेरला भाड्याच्या एका शेडमध्ये. तेव्हापासून आजपर्यंत अक्षरं काढतात ते मास्टरजी. ते नागौरकडचे. सुरुवातीला मला धास्ती होती की मराठी नावं यांना जमणार कशी? हिंदी लिहिणाऱ्याला ‘ळ’ परका असतो. पण मास्टरजींनी पहिल्याच दिवशी मला गप्प केलं. ‘भाभीजी, ळ तो म्हारो भी है,’ म्हणाले, आणि ‘थाळी’, ‘काळो’ असे दोन-चार शब्द माझ्यासमोर म्हणून दाखवले. त्यांच्या मारवाडीतला ळ आपल्याइतकाच पक्का आहे. त्यांना शिकवावं लागलं ते मराठी वळणाचं ल आणि श, आणि ‘ऱ्ह’मधला तो अर्धा र. ळ मात्र ते माझ्यापेक्षा सुंदर काढतात. या अक्षरात एक धोका असतो. कुंचल्यावर रंग जास्त झाला तर भट्टीत तो पसरतो, ळच्या दोन्ही गाठी बुजतात आणि अक्षराचा नुसता ठिपका होतो. मास्टरजींच्या ळच्या गाठी कधी बुजल्या नाहीत. आम्हा दोघांनाही त्याचा अभिमान होता, आणि मी आता जी चूक सांगणार आहे ती या अभिमानातूनच झाली.

२०१४च्या हिवाळ्यात एक मराठी जोडपं आलं. ते केंद्र सरकारच्या नोकरीत, औरंगाबाद जिल्ह्यातले, बदलीवर आलेले. त्यांनी कागदावर तीन नावं लिहून आणली होती. आधी बायकोचं, मग स्वतःचं, मग लहान मुलीचं. नुसती नावं. पावती फाडताना मी आडनाव विचारलं. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. चार अक्षरी आडनाव, शेवटी ‘ळे’.

‘मग हेही घालूया ना पाटीवर,’ मी म्हणाले. ‘खाली जागा उरतेय.’

‘नको ताई, इतकंच ठेवा,’ ते म्हणाले.

मला वाटलं, पैसे वाढतील असं वाटत असेल. किंवा माणूस भिडस्त असेल. परमुलखात आपली भाषा बोलणारं कोणी भेटलं की आपण जरा जास्तच आपलेपणा करतो, तसंच माझं झालं. त्यांना न सांगता मी मास्टरजींकडून खालच्या रिकाम्या जागेत आडनाव काढून घेतलं. बारीक अक्षरात, दोन्ही बाजूंना एकेक फूल. वरचे पैसे घ्यायचे नाहीत, आपल्याकडून भेट, असं ठरवून टाकलं. पाटी भट्टीतून इतकी स्वच्छ निघाली की मास्टरजींनी ती दोनदा फडक्याने पुसून बघितली.

तीन आठवड्यांनी दोघं न्यायला आले. मी कागद सोडला आणि त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत राहिले. साहेब काही बोलले नाहीत. बोलल्या त्या वहिनी.

‘ताई, आम्ही भाड्याच्या घरात राहतो.’

मला कळलं नाही. मी म्हणाले, ‘अहो मग काय झालं, घर बदललं की काढून नेता येते पाटी. भोकं आहेत ना.’

मग त्यांनी सांगितलं, आवाज न चढवता, एखाद्या लहान मुलाला सांगावं तसं. जयपुरातलं त्यांचं हे तिसरं घर होतं. पहिल्या घरात आठ महिने सगळं छान होतं. घरमालकाला त्यांच्या आडनावावरून काही समजत नव्हतं, महाराष्ट्रातली आडनावं इथे कोणाला कळतात? मग कोणीतरी ओळखीच्या मराठी माणसाने त्याला अर्थ समजावून दिला. पुढच्या आठवड्यात घरमालकाचा मुलगा अचानक परगावाहून परत यायचा ठरला आणि त्याला खोली लागणार होती. दुसऱ्या घरात तर आत जाण्याआधीच विचारणा झाली. ‘तिसऱ्या घरी आम्ही नावंच सांगितली,’ त्या म्हणाल्या. ‘दारावर पाटी पाहिजे असा मुलीचा हट्ट होता.’

मी वाट्टेल ते बोलत होते. चुकलं, नवीन करून देते, पैसे नकोत. साहेबांनी पाकीट काढलं आणि उरलेले पैसे टेबलावर ठेवले. नवीन पाटीचे वेगळे देईन म्हणाले. मी नाही म्हटलं, तर म्हणाले, ‘घ्या. तुमच्या कारागिराचं काम चुकलेलं नाही.’

दुसरी पाटी आडनावाशिवाय झाली आणि ते घेऊन गेले. पहिली माझ्याकडे राहिली. बिघडलेला माल आम्ही फोडून टाकतो, कारण जागा नसते. ही मला फोडता आली नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवून दिली.

त्यानंतर बरेच दिवस मला २००४ साल आठवत राहिलं. मानसरोवरमध्ये आम्हाला पहिलंच घर एका संध्याकाळीत मिळालं होतं. घरमालकांनी आडनाव विचारलं, ते नीट कळलं नाही म्हणून थेट विचारलं, ‘पंडित लोग हैं?’ नवरा हो म्हणाला. चहा आला, किल्ली आली. दहा वर्षं मी ही गोष्ट लोकांना सांगत होते, जयपूरची माणसं किती मोकळी, म्हणून. आमच्या चांगल्या वागण्यामुळे घर मिळालं, अशी माझी समजूत होती. ते घर आडनावाने मिळवून दिलं होतं, आणि वहिनींना आडनावानेच नाकारलं होतं. शहर तेच होतं आणि विचारायची पद्धतही तीच.

मग शहराकडे बघण्याची नजर थोडी बदलली. सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये चौकड्या आखून वसवलेलं हे गाव. त्यातले रस्ते धंद्यांच्या नावाने आहेत. मणिहारों का रास्ता, ठठेरों का रास्ता. तटाबाहेरची ब्रह्मपुरी ब्राह्मणांची. तिथे जयसिंहांचे गुरू रत्नाकर पुंडरीक यांची हवेली आहे, भिंतीवरच्या चित्रांसाठी जपलेली. ते मूळचे महाराष्ट्रीय. आलेल्या पाहुण्यांना मी ती कौतुकाने दाखवायला नेत असे, आपला माणूस तीनशे वर्षांपूर्वी इथे किती मानाने राहिला, म्हणून. आता नेते तेव्हा एवढंच मनात येतं की या गावात पत्ता सांगणं म्हणजेच जात सांगणं होतं, आणि काहींना ते सांगायला आवडायचं. दारावरची पाटीही तेच काम करते. मी ती विकते.

धंदा मी बंद केला नाही. एक गोष्ट बदलली. ऑर्डरच्या वहीत एक रकाना वाढवला, ‘पाटीवर काय नको’. गिऱ्हाईक आधी हसतं, मग विचार करून उत्तर देतं. निवृत्त माणसाला जुना हुद्दा हवा असतो, पण त्याच्या मुलाला तो नको असतो. एका बाईंना नवऱ्याचं नाव ठेवायचं होतं, त्याच्या आधी ‘स्वर्गीय’ नको होतं. दोन बहिणींना घराला नाव हवं होतं, स्वतःची नावं नको होती. एकट्या दोन बाया राहतात हे रस्त्यावरून जाणाऱ्याला कळू नये, म्हणून. मी कारण विचारत नाही. जागा रिकामी उरली तर उरू देते. मास्टरजी आधी कुरकुरायचे, आता तेच म्हणतात, ‘खाली छोड़ दो, सांस लेगा.’

२०१८च्या ऑक्टोबरमध्ये औरंगाबादहून आलेल्या दोन महिलांनी इथल्या उच्च न्यायालयाच्या आवारातल्या मनूच्या पुतळ्याला काळं फासलं. १९८९ पासून तो पुतळा तिथे आहे. मी त्यावरून रोज रिक्षाने जाणारी, पण तो कोणाला कसा दिसत असेल हे कधी मनात आलं नव्हतं. त्या दिवशी फळीवरच्या पाटीची आठवण झाली. साहेबांना फोन करावासा वाटला. पण काय बोलणार, म्हणून केला नाही.

फोन त्यांचाच आला, २०२१ मध्ये, पाऊस संपल्यावर. जगतपुऱ्यात त्यांनी फ्लॅट घेतला होता. ‘ताई, ती आमची पहिली पाटी फोडली का?’

‘नाही. आहे.’

रविवारी तिघंही आली. मुलगी आता माझ्या खांद्याएवढी झाली होती. मी फळीवरून पाटी काढली, वर्तमानपत्र सोडलं. सात वर्षांत निळ्याला काही झालेलं नव्हतं. काचेखालचा रंग जात नाही. मनात मी हे चित्र अनेकदा रंगवलं होतं. ते पाटी हातात घेतील, आणि माझी चूक कशीतरी भरून निघेल.

साहेबांनी ती उजेडात धरून नीट पाहिली आणि टेबलावर ठेवली. ‘ही नको,’ ते म्हणाले. ‘हिच्यात आडनाव खाली आहे. आणि बारीक आहे.’

नवीन पाटी आम्ही अठरा इंची केली. आडनाव वर, नावांच्या दुप्पट उंचीचं, आणि फुलं नकोत असं वहिनींनी रकान्यात लिहवून घेतलं. मास्टरजींनी ळ काढला तेव्हा मुलगी शेजारी उभी होती. रंग काळा कसा, असं तिने विचारलं. भट्टीनंतर बघ, मास्टरजी म्हणाले. पैसे साहेबांनी पूर्ण दिले आणि मी पूर्ण घेतले.

लावायला मी आणि मास्टरजी गेलो होतो. स्क्रूखाली रबराचा वॉशर घालायचा आणि फार आवळायचं नाही, नाहीतर भोकापासून तडा जातो, हे मी मुलीला दाखवत होते. तेवढ्यात समोरचं दार उघडलं. एक वयस्क गृहस्थ बाहेर आले, हसले, नमस्कार केला. ‘कहाँ से हैं आप लोग?’

‘महाराष्ट्र से,’ साहेब म्हणाले.

‘अच्छा, अच्छा. और...’

पुढचा प्रश्न तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होता. साहेब पाटीसमोर उभे होते. ते एक पाऊल बाजूला सरले, त्या गृहस्थांना पाटी नीट वाचता यावी म्हणून.