चिंचोके

बालवाडीच्या कोपऱ्यात पूर्वी मी प्लॅस्टिकची वांगी-टोमॅटो मांडून ठेवायचे. दिसायला छान, पण वांगं दिवसभर वांगंच राहायचं. एका उन्हाळ्यात माहेराहून चिंचोक्यांचा डबा आणला आणि वांगी माळ्यावर गेली. चिंचोका सकाळी तांदूळ असतो, दुपारी एसटीचे सुट्टे पैसे, बाहुलीला ताप आला की गोळी. (नाकात जाऊ नये म्हणून डबा कायम माझ्या नजरेसमोर.)

व्हिगोत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३३च्या व्याख्यानात म्हटलं होतं, की मुलासाठी काठीचा घोडा होतो, पोस्टकार्डाचा नाही. खरंच आहे, पोस्टकार्डावर मांड कशी टाकणार! कोपऱ्यात काय ठेवायचं हे मी त्यावरूनच ठरवते.

मॉन्टेसरीबाईंना मात्र असल्या लुटुपुटूच्या खेळाचं फारसं कौतुक नव्हतं. मुलाला खरं काम द्या, म्हणायच्या. मटार सोलताना रमलेली मुलं बघितली की त्यांचंही पटतं. पण मग भातुकलीतला पाहुणा आठवतो. एरवी हा चार वर्षांचा गडी प्रार्थनेआधीच डबा फस्त करणारा. भातुकलीला दाणे-गूळ खरे असतात. तरी सगळ्यांची पानं वाढून यजमानीण ‘बसा, सावकाश होऊ द्या’ म्हणेपर्यंत तो मांडी घालून गप्प. मी वर्षभर ‘थांब रे’ म्हणत होते, ते कुठे ऐकलं त्याने?

एकदा मात्र मीच खेळ मोडला. कॅलेंडर फाडून तिकिटं केली होती. कंडक्टरने ‘सातारा एक फुल’चं तिकीट फाडलं, सात चिंचोके घेतले, तीन परत दिले. मला राहवेना. ‘सातातून तीन गेले, किती रे उरले?’ त्याने माझ्याकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवली. गाडी तिथेच रिकामी झाली. परीक्षा सुरू झाल्यावर बसमध्ये कोण थांबणार?

दुसऱ्या दिवशी खांद्यावर गोणपाट टाकून मी थांब्यावर उभी राहिले.

‘कंडक्टरभाऊ, सातारला जायचंय. सोबत म्हैस आहे. तिचं तिकीट पडतं का?’

त्याने डोकं खाजवलं. ड्रायव्हरला विचारून आला.

‘म्हशीचं हाफ. पण उभं राहावं लागेल.’

आणि चाराचं निम्मं करायला तो चिंचोके घेऊन फरशीवर बसला. गाडीचा खोळंबा झाला, मागून आरडाओरडा. मी म्हैस धरून गप्प उभी.